झोपेचे नव्हे, अंधाराचे संप्रेरक

आरोग्यविषयक पुरवण्या, जाहिराती आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके यांत संप्रेरकांचा एक तक्ता हमखास भेटतो. डावीकडे नाव, उजवीकडे काम. इन्सुलिन साखरेचे, अ‍ॅड्रेनालिन भीतीचे, ऑक्सिटोसिन मायेचे आणि मेलाटोनिन झोपेचे. ज्ञानेंद्रियांच्या प्रकरणातही असाच तक्ता असतो: कान ऐकण्यासाठी, जीभ चवीसाठी, डोळा पाहण्यासाठी. पाठ करायला हे सोयीचे असते. पण पहिल्या तक्त्यातल्या शेवटच्या ओळीवर आता एक बाजारपेठ उभी राहिली आहे. मेलाटोनिनच्या गोळ्या, जिभेवर विरघळणाऱ्या पट्ट्या, फळांच्या चवीच्या गमीज ऑनलाइन सहज मिळतात आणि त्यांच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. झोपेचे संप्रेरक शरीरात तयार होते. मोबाइल, ताण आणि वय यांमुळे ते कमी पडते. कमी पडले ते बाहेरून भरून काढावे. आणि ते शरीराचेच असल्यामुळे त्याने अपाय होत नाही. या चार विधानांपैकी पहिलेच खोटे आहे आणि त्याच्या आधाराने उभी असलेली बाकीची तीन त्याच्याबरोबर डळमळतात. मेलाटोनिनचे मूळ काम झोप आणणे हे नाही. बाहेर रात्र झाली आहे, ही बातमी शरीरभर पोचवणे हे त्याचे काम आहे, आणि ती बातमी शरीरात शिरते डोळ्यांवाटे. त्यामुळे ज्याला झोपेच्या संप्रेरकाची कमतरता म्हणून विकले जाते, ती पुष्कळदा उजेड आणि अंधाराच्या वेळा बिघडल्याची खूण असते.

याचा सर्वांत सोपा पुरावा निशाचर प्राण्यांकडे आहे. प्रयोगशाळेतला मोठा पांढरा उंदीर घ्या किंवा हॅम्स्टर घ्या. त्यांच्या रक्तातही मेलाटोनिन रात्रीच वाढते, आणि हे प्राणी रात्री जागे असतात, धावतात, खातात, विणीची धडपड करतात. मेलाटोनिन झोपेचे संप्रेरक असते, तर ते या प्राण्यांत दिवसा वाढायला हवे होते. तसे होत नाही. ऋतूंवर विणारे प्राणी याहून पुढची साक्ष देतात. हिवाळा जवळ आला की रात्र लांबते आणि मेलाटोनिन रक्तात अधिक तास टिकते. थंड देशांतल्या मेंढ्या त्या खुणेवर माजावर येतात. हॅम्स्टरमध्ये त्याच खुणेवर वृषणे आक्रसतात आणि वीण थांबते. संप्रेरक एक, रेणू एक, परिणाम परस्परविरुद्ध. गावात दवंडी पिटली की प्रत्येक घर ती आपापल्या कामाप्रमाणे ऐकते, तसे हे आहे. रात्र झाल्याचे ऐकून माणसाचे शरीर झोपेची तयारी करते आणि उंदराचे शरीर बाहेर पडायची. झोप हा माणसाने त्या बातमीला दिलेला प्रतिसाद आहे. तो बातमीचा मजकूर नाही. मेलाटोनिन वेगळे काढले गेले तेसुद्धा झोपेच्या शोधात नाही. 1958 साली येल विद्यापीठात अ‍ॅरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाने गाईबैलांच्या हजारो पीनियल ग्रंथींतून ते मिळवले, कारण त्या ग्रंथीच्या अर्काने बेडकाची कातडी फिकट होते असे दिसले होते आणि लर्नरला त्वचेच्या रंगाचे कोडे सोडवायचे होते. झोपेचे लेबल पुष्कळ नंतर चिकटले.

ही बातमी आणणारा डोळा आपण शिकलेल्या डोळ्याहून वेगळा आहे. पाठ्यपुस्तकातला डोळा म्हणजे कॅमेरा: समोर भिंग, मागे पडदा, पडद्यावर दंडपेशी आणि शंकुपेशी, दंडपेशी अंधुक उजेडासाठी, शंकुपेशी रंगांसाठी. शंभराहून अधिक वर्षे नेत्रविज्ञानानेही एवढेच मानले, आणि विरोधी पुरावा समोर आला तेव्हा तो बाजूला ठेवला. 1920च्या दशकात हार्वर्डमधला क्लाइड कीलर हा विद्यार्थी जन्मतः आंधळ्या उंदरांचा अभ्यास करत होता. त्यांना दिसत नव्हते, तरी उजेड पडला की त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावत होत्या. कीलरने शंका मांडली की उजेड ओळखणारे आणखी काहीतरी डोळ्यात असावे. कोणी फारसे लक्ष दिले नाही. 1990च्या दशकात रसेल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी दंडपेशी व शंकुपेशी दोन्ही नसलेल्या उंदरांवर प्रयोग केले. त्या उंदरांचे शारीरिक घड्याळ उजेडाप्रमाणे पुढेमागे होत राहिले, उजेडाने त्यांचे मेलाटोनिनही दबले. मात्र डोळे पूर्णपणे काढल्यावर सगळे थांबले. म्हणजे उजेड टिपणारा तिसरा घटक होता आणि तो डोळ्यातच होता. 1998 साली इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना बेडकाच्या कातडीतल्या रंगपेशींत एक नवे प्रकाशसंवेदी प्रथिन सापडले. त्याला मेलानोप्सिन हे नाव मिळाले. (मेलाटोनिनची आणि मेलानोप्सिनची, दोघांची कथा बेडकाच्या कातडीपासून सुरू व्हावी, हा विज्ञानातला मोठा सुंदर योगायोग आहे.) दोन वर्षांत तेच प्रथिन माणसाच्या दृष्टिपटलात आढळले, आणि 2002 साली डेव्हिड बर्सन, समेर हत्तार यांच्या गटांनी दाखवून दिले की दृष्टिपटलातल्या काही मोजक्या गँगलियॉन पेशी, ज्या केवळ निरोप पुढे पोचवतात असे समजले जात होते, त्या स्वतःच उजेड ओळखतात. आजूबाजूच्या सर्व पेशींशी संबंध तोडला तरी त्या उजेडाला प्रतिसाद देतात. गँगलियॉन पेशींत त्यांचे प्रमाण अगदी थोडे आहे. चित्र उमटवणे हे त्यांचे मुख्य काम नाही. उजेड किती आहे आणि किती वेळ आहे हे त्या मोजतात, आणि निळ्या रंगाच्या, म्हणजे सुमारे 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात.

उंदरांचे हे निष्कर्ष माणसाला लागू पडतात का, हा रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर अंध व्यक्तींनी दिले आहे. 1995 साली हार्वर्डच्या चार्ल्स झाइसलर यांच्या गटाने अकरा अंध व्यक्तींवर रात्री प्रखर उजेड टाकून त्यांच्या रक्तातले मेलाटोनिन मोजले. उजेडाची जराही जाणीव नसलेल्या त्या अकरांपैकी तिघांचे मेलाटोनिन डोळस माणसाप्रमाणेच खाली आले. त्यांच्यातल्या ज्यांचे डोळे झाकून प्रयोग पुन्हा केला, त्यांच्यात हा परिणाम दिसला नाही. या तिघांना निद्रानाशाची तक्रारही नव्हती. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सत्त्याऐंशी वर्षांची एक अंध महिला होती. आपल्याला काही दिसत नाही, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. तरी समोर निळा दिवा लागला आहे की नाही, हे तिला ओळखता येत होते. इतर रंगांचे दिवे ओळखता येत नव्हते. दृष्टी गेलेला डोळा निरुपयोगी झाला, असे म्हणणाऱ्या कोणालाही हा निकाल अस्वस्थ करील. वैद्यकीय निर्णयांत याला वजन आहे, कारण असा डोळा काढून टाकला तर त्या माणसाला दिवसरात्रीशी बांधणारा अखेरचा धागाही तुटतो.

डोळ्यापासून पीनियल ग्रंथीपर्यंतचा मार्ग लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे, कारण त्यात या वादाचा निकाल जवळजवळ लिहून ठेवलेला आहे. दृष्टिपटलातून निघालेले तंतू अधश्चेतकातल्या एका इवल्या केंद्रकांच्या जोडीकडे जातात. दोन्ही डोळ्यांच्या चेता जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर ही जोडी आहे, आणि शरीराचे मुख्य घड्याळ तेच. माणसात या घड्याळाचा दिवस सरासरीने चोवीस तासांहून थोडा मोठा, साधारण चोवीस तास अकरा मिनिटांचा असतो. म्हणून ते रोज बाहेरच्या उजेडाशी जुळवून घ्यावे लागते. तिथून संदेश मेरुरज्जूतून खाली छातीच्या वरच्या भागापर्यंत उतरतो, मानेतल्या चेतागंडिकेत येतो आणि पुन्हा कवटीत चढून पीनियल ग्रंथीपर्यंत पोचतो. ग्रंथी पाचआठ मिलिमीटरची, मेंदूच्या मधोमध. आणि तिला ठरवायला काहीच उरत नाही. घड्याळाने सांगितले की ती मेलाटोनिन बनवते, रात्री डोळ्यांवर उजेड पडला की बनवणे थांबते. आता ज्यांचा मेरुरज्जू मानेच्या पातळीवर पूर्ण तुटला आहे, अशा रुग्णांकडे पाहा. खालचा मार्ग बंद झाल्याने त्यांच्यात रात्रीचे मेलाटोनिन जवळजवळ तयारच होत नाही. झोपेच्या तक्रारी त्यांना असतात, त्या गंभीर असतात, आणि अशा दुखापतीत वेदना व श्वसनाच्या अडचणींसह त्यांना अनेक कारणेही असतात. पण हे लोक रोज झोपतात. झोपेचे संप्रेरक शरीरात नसताना झोप येत असेल, तर ते झोपेचे संप्रेरक आहे हे विधान मागे घ्यायला हवे.

पीनियल ग्रंथीभोवती आपल्याकडे आणखी एक समजूत रुजली आहे. ही ग्रंथी म्हणजे तिसरा डोळा, कपाळामागे दडलेले प्रकाशाचे इंद्रिय, आणि ते ‘जागृत’ करता येते, असे पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून सांगितले जाते, वर शरीरविज्ञानाचा दाखलाही दिला जातो. ध्यानधारणेला माझा आक्षेप नाही. तिला शरीरविज्ञानाच्या उसन्या आधाराची गरजही नाही. पण दाखला द्यायचा, तर तो पुरता द्यावा. न्यूझीलंडमधल्या तुआतारा या सरपटणाऱ्या प्राण्याला डोक्यावर खरोखरच भिंग आणि दृष्टिपटल असलेला तिसरा डोळा असतो. मासे आणि पक्ष्यांच्या पीनियल पेशी थेट उजेड ओळखतात. सस्तन प्राण्यांत मात्र ही क्षमता उरलेली नाही. माणसाची पीनियल ग्रंथी पूर्ण अंधारात असते आणि बाहेरच्या उजेडाची खबर तिला फक्त दोन उघड्या डोळ्यांकडून मिळते. त्वचेतून ती मिळत असेल का, याचीही परीक्षा झालेली आहे. 1998 साली एका प्रतिष्ठित नियतकालिकात असा दावा आला की गुडघ्याच्या मागच्या बाजूवर प्रखर उजेड टाकला तर माणसाचे घड्याळ सरकते. जगभर त्याची बातमी झाली. 2002 साली केनेथ राइट आणि झाइसलर यांनी अधिक काटेकोरपणे, मंद प्रकाशात तोच प्रयोग केला आणि घड्याळ जागचे हलले नाही. पहिल्या दाव्याइतकी प्रसिद्धी या निकालाला मिळाली नाही, म्हणून तो इथे मुद्दाम सांगितला. डोळ्यांखेरीज दुसरी वाट माणसाला नाही.

आता बाटलीकडे वळू. मेलाटोनिनने झोप किती सुधारते? 2013 सालच्या एका एकत्रित विश्लेषणात 19 चाचण्यांतले 1,683 जण होते. निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत मेलाटोनिन घेणाऱ्यांना सरासरी सुमारे सात मिनिटे लवकर झोप लागली आणि एकूण झोप सुमारे आठ मिनिटांनी वाढली. हा परिणाम शून्य नाही, आणि तसे मी म्हणतही नाही. पण रात्रभर कूस बदलणाऱ्या माणसाला जे आश्वासन दिले जाते, त्याच्या जवळपासही हे येत नाही. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या संघटनेने 2017 साली प्रौढांच्या निद्रानाशासाठी मेलाटोनिन वापरू नये असे सुचवले ते याच कारणाने. मात्रेची स्थिती आणखी वाईट आहे. रक्तातले मेलाटोनिन रात्रीच्या नैसर्गिक पातळीवर नेण्यासाठी साधारण 0.3 मिलिग्रॅम पुरते, असे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत 1990च्या दशकातच दिसून आले होते. बाजारात 3, 5, 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या आहेत. कमतरता भरून काढण्याची भाषा करायची आणि नैसर्गिक पातळीच्या दहा ते तीस पट द्यायचे, हे एकमेकांशी जुळत नाही. त्यात लेबलवर लिहिलेली मात्रा आत असेलच असेही नाही. 2023 साली अमेरिकेत 25 प्रकारच्या गमीज तपासल्या, तेव्हा 22 मध्ये लेबल आणि प्रत्यक्ष यांत मोठी तफावत निघाली. एकात मेलाटोनिन आढळलेच नाही, तर एकात ते लिहिलेल्याच्या साडेतीन पटींच्या जवळ होते. हे मुलांच्या हाती चॉकलेटच्या गोळीसारखे पडते.

यावर एक खरोखर मजबूत आक्षेप आहे. विमानाने लांबचा प्रवास करणाऱ्यांना मेलाटोनिनचा फायदा होतो, हे चाचण्यांच्या आढाव्यांत दिसले आहे, विशेषतः पाच किंवा अधिक कालविभाग ओलांडून पूर्वेकडे जाताना. 2000 साली रॉबर्ट सॅक आणि सहकाऱ्यांनी पूर्ण अंध व्यक्तींना रोज ठरावीक वेळी मेलाटोनिन दिले आणि उजेडाअभावी रोज थोडे थोडे मागे सरकणारे त्यांचे घड्याळ चोवीस तासांवर आणले. ऑटिझम असलेल्या काही मुलांना तज्ज्ञ ते देतात. युरोपात 55 वर्षांवरील रुग्णांसाठी हळूहळू विरघळणारी दोन मिलिग्रॅमची गोळी 2007 पासून मान्य आहे. मग मेलाटोनिन निकामी कसे म्हणता? निकामी मी म्हणत नाही. पहिल्या दोन उदाहरणांत काय घडले ते नीट पाहिले तर ती माझ्याच बाजूची साक्ष निघते. प्रवाशाचे घड्याळ जुन्या गावाच्या वेळेवर चालू असते, अंध माणसाचे घड्याळ कुठल्याच वेळेला बांधलेले नसते. दोघांनाही गरज असते ती रात्र कधी झाली हे सांगणाऱ्याची. म्हणूनच तिथे मात्रेहून वेळ महत्त्वाची ठरते. संध्याकाळी घेतलेले मेलाटोनिन घड्याळ अलीकडे आणते, सकाळी घेतलेले पलीकडे ढकलते. गुंगीच्या औषधाचे असे कधी होत नाही. आणि ज्याची दृष्टी शाबूत आहे, ज्याने कालविभाग ओलांडलेला नाही, पण जो रात्री बारापर्यंत लख्ख उजेडात बसतो, त्याने त्याच उजेडात गोळी घेतली तर त्याच्या शरीराला एकाच वेळी दोन उलट बातम्या मिळतात: पोटातून रात्रीची आणि डोळ्यातून दिवसाची. वयाचा मुद्दाही सरसकट टिकत नाही. निरोगी वृद्धांचे मेलाटोनिन तरुणांहून कमी असतेच असे नाही, हे 1999 साली काळजीपूर्वक निवडलेल्या व्यक्तींवर दाखवले गेले आहे.

‘शरीराचेच आहे, अपाय कसला?’ हा युक्तिवाद मला सर्वांत धोकादायक वाटतो. इन्सुलिनही शरीराचेच आहे आणि ते गरज नसलेल्याला टोचले तर जीव जातो. मेलाटोनिन तेवढे जहाल नाही, हे मान्य. पण रात्र झाल्याची बातमी मेंदू एकटाच ऐकत नाही. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरही मेलाटोनिन ओळखणारे ग्राही असतात. 2009 साली जनुकीय अभ्यासांत असे दिसले की त्या ग्राहीच्या जनुकातल्या एका भेदाचा उपाशीपोटीच्या साखरेशी आणि टाइप 2 मधुमेहाच्या जोखमीशी संबंध आहे. निरोगी स्त्रियांना मेलाटोनिन देऊन ग्लुकोज चाचणी केली, तेव्हा सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा साखर एरवीपेक्षा जास्त चढली. याचा अर्थ सरळ आहे: रात्र म्हणजे उपवासाची वेळ, असे शरीर धरून चालते आणि रात्रीच्या खबरीबरोबर इन्सुलिनचा हात आखडता घेते. ज्या शहरांत रात्रीचे जेवण साडेनऊ-दहाला होते आणि घरोघरी मधुमेहाची गोळी आहे, तिथे जेवणाच्या आगेमागे कोणालाही न विचारता हे संप्रेरक घेणे सुरक्षित मानण्याला आधार नाही.

आणखी एक बाजू आहे, आणि ती सहसा माझ्याच मताच्या लोकांकडून मांडली जाते: सगळा दोष मोबाइलच्या निळ्या उजेडाचा, चष्म्याला निळा फिल्टर लावा आणि प्रश्न मिटवा. हेही तितकेच अपुरे आहे. 2015 सालच्या एका प्रयोगात झोपण्याआधी चार तास प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांचे मेलाटोनिन दीड तास उशिरा वाढू लागले, हे खरे. पण झोप लागायला त्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे दहाच मिनिटे जास्त लागली. दुसरीकडे, घरातल्या छताच्या साध्या, दोनशे लक्सहून कमी उजेडाने मेलाटोनिनचा रात्रीचा कालावधी सुमारे दीड तासाने घटतो, असे 2011 साली हार्वर्डमधल्या गटाने नोंदवले. म्हणजे ट्यूबलाइट निर्दोष सुटत नाही. माणसामाणसांत फरकही प्रचंड आहे: 2019 साली पंचावन्न जणांच्या अभ्यासात संध्याकाळच्या उजेडाला सर्वांत संवेदनशील आणि सर्वांत कमी संवेदनशील व्यक्तींत पन्नास पटींहून जास्त तफावत निघाली. पण याहून मोठी गोष्ट आपण विसरतो ती दिवसाची. ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स उजेड असतो, भर उन्हात तो लाखाच्या आसपास जातो; कचेरीत किंवा वर्गात तो शंभर ते पाचशेच्या दरम्यान रेंगाळतो. आपले दिवस घड्याळाच्या दृष्टीने अंधारे आणि आपल्या रात्री उजळ झाल्या आहेत. 2013 साली राइट यांनी काही जणांना आठवडाभर कोलोरॅडोच्या डोंगरात तंबूत ठेवले. दिवे नाहीत, फक्त सूर्य आणि शेकोटी. सर्वांची घड्याळे सुमारे दोन तास अलीकडे आली, आणि एरवी रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्यांची सर्वांत जास्त. औषध कोणालाच दिलेले नव्हते.

महाराष्ट्रात हा प्रश्न शाळेच्या वेळेत येऊन ठेपतो. सबंध देश एकाच प्रमाणवेळेवर चालतो, त्यामुळे पश्चिमेकडे सूर्य घड्याळाच्या मानाने उशिरा उगवतो आणि उशिरा मावळतो. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्योदय सव्वासातच्या सुमाराला होतो, कोलकात्यात साधारण तासभर आधी. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांच्या अभ्यासात असे निघाले की भारतात सूर्यास्त तासभर उशिरा असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते, कारण शाळेची वेळ सूर्याप्रमाणे पुढे सरकत नाही. डिसेंबर 2023 मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा काढला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश काढला. निर्णय स्वागतार्ह होता, पण तो चुकीच्या इयत्तेवर थांबला. मेरी कार्स्केडन यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनाने दाखवले आहे की वयात येताना मुलांचे मेलाटोनिन उशिरा वाढू लागते आणि सकाळी उशिरा ओसरते. हा आळस नाही, मोबाइलचे व्यसनही एकटे त्याला कारण नाही. घड्याळच सरकलेले असते. म्हणजे आठवी ते बारावीच्या मुलांना उशिराच्या शाळेची गरज चौथीतल्या मुलांहून जास्त आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 सालीच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असे म्हटले. आपल्याकडे याला दोन सत्रांच्या इमारती, बसच्या फेऱ्या आणि पालकांच्या नोकऱ्या यांची अडचण सांगितली जाते. अडचणी खऱ्या आहेत. पण सत्रे द्यायचीच असतील तर सकाळचे सत्र लहानांना आणि दुपारचे मोठ्यांना, ही अदलाबदल इमारत न वाढवता करता येते. ती होत नाही, कारण पंधरा वर्षांच्या मुलाची झोप हा शिस्तीचा प्रश्न आहे असे आपण अजून मानतो. आणि मग त्याच मुलाला सकाळी सहाला उठवून रात्री गमी दिली जाते.

म्हणून मागणी अशी आहे. पाठ्यपुस्तक मंडळाने मेलाटोनिनच्या पुढची ओळ बदलावी आणि तिथे ‘अंधार झाल्याची सूचना देणारे संप्रेरक’ असे लिहावे. डोळ्याच्या प्रकरणात दंडपेशी आणि शंकुपेशींच्या जोडीला त्या तिसऱ्या पेशींचा एक परिच्छेद द्यावा, तो शोध लागून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. माध्यमिक शाळांच्या वेळेचा निर्णय चौथीच्या पुढे न्यावा. झोपेची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टरांनी दिवसा किती वेळ बाहेर असता आणि रात्री घरात कसा उजेड असतो, हे रक्तदाबाइतक्या नियमाने विचारावे. ज्यांना तज्ज्ञांनी मेलाटोनिन लिहून दिले आहे त्यांनी हा लेख वाचून ते बंद करू नये. बाकीच्यांनी बाटली मागवण्याआधी दोन आठवडे सकाळी उठल्यावर अर्धा तास उघड्यावर घालवून पाहावा आणि रात्री नऊनंतर छताचे दिवे मालवून एखादा मंद, पिवळा दिवा ठेवावा. तरीही झोप येत नसेल तर डॉक्टरांकडे जा, आणि त्यांनी गोळी दिलीच तर किती मिलिग्रॅम आणि किती वाजता, हे दोन्ही विचारून घ्या.